खिडकीवरचा ट्रे

व्हर्लिन स्ट्राउडला एक खोड होती. गाडी सुरू केली की निघण्याआधी तो आपल्या बाजूच्या, डाव्या खिडकीच्या काचेकडे एकदा बघून घ्यायचा. काच वर असो की खाली, ऊन असो की बर्फ. चाळीस वर्षं त्याने शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या, तिथेही तेच. बसच्या खिडकीला कोण काय अडकवणार होतं? पण बघितल्याशिवाय त्याचा पाय पेडलवर जायचा नाही. त्याची बायको नेडीन म्हणायची, "बघ बाबा नीट, बसलं असेल कुणी तिथे पाय सोडून."

या खोडीचं कारण आमच्या अख्ख्या मार्ल क्रीक गावाला पाठ होतं, कारण व्हर्लिनच ते दरवर्षी माईकवर सांगायचा. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही म्हातारे आपापल्या जुन्या गाड्या पुसून-पासून बाहेर काढतो, औषधाच्या दुकानापुढच्या मोकळ्या जागेत ओळीने लावतो आणि दुपारभर एकमेकांना तेच-तेच सांगत बसतो. तरुण पोरं बघून हसतात. हसू देत. त्यांच्याकडे फोन आहेत, आमच्याकडे रस्ता होता.

औषधाचं दुकान आता आलं. पूर्वी तिथे डब हॅस्केलचं खाण्याचं ठिकाण होतं, आम्ही त्याला नुसतं डब्ज म्हणायचो. आत टेबलं-खुर्च्या काही नाही. अंगणात गाडी लावायची आणि दिवे लावायचे, की टोपी घातलेली मुलगी वही घेऊन यायची. मग अर्ध्या उतरवलेल्या काचेवर ट्रे अडकवला जायचा. त्यात हॅम्बर्गर आणि रूट बिअरचे काचेचे जड मग. नावात बिअर असली तरी नुसतं गोड सरबतच ते, नाहीतर आमच्या आयांनी डबला गावात राहू दिलं नसतं. खाऊन झालं की पुन्हा दिवे लावायचे, म्हणजे मुलगी येऊन ट्रे काढून न्यायची. ती येईपर्यंत इंजिनाला हात लावायचा नाही, हा तिथला पहिला नियम.

संध्याकाळी गावातली यच्चयावत पोरं गाड्या घेऊन निघायची. धान्याच्या कोठारापासून मेन स्ट्रीटने डब्जपर्यंत, डब्जच्या अंगणातून वळसा घालून पुन्हा कोठारापर्यंत. नऊ मिनिटांची फेरी, आणि एकेका संध्याकाळी अशा वीस-वीस. कुठे निघालात असं विचारलं तर कुणालाच सांगता आलं नसतं. समोरून ओळखीची गाडी आली की हॉर्न द्यायचा, त्याने उलट द्यायचा. न दिला तर भांडण. आणि डब्जमध्ये एखाद्या मुलीच्या हातून ट्रे पडला, की अंगणातल्या सगळ्या गाड्यांनी एकदम हॉर्न वाजवायचे. ती मुलगी बिचारी लाल होऊन काचा गोळा करायची. ही आमची गंमत होती. तेव्हा गंमतच वाटायची.

आज त्यातलं काही उरलेलं नाही. उघड्यावरचा सिनेमा गेला, तिथे आम्ही गाडीच्या डिकीत तिघं-तिघं लपून फुकट शिरायचो. बोलिंग खेळायचा हॉल गेला. ज्या पेट्रोलपंपाच्या भिंतीला टेकून आम्ही मोठे झालो, तिथे आता नुसती भिंत आहे. म्हणून व्हर्लिनची गोष्ट लोकांना दरवर्षी हवी असायची.

गोष्ट सदुसष्ट सालची. व्हर्लिन सतरा वर्षांचा होता. भंगारातून आणलेली पंचावन्न सालची शेव्हरले गाडी त्याने दोन हिवाळे खपून उभी केली होती. त्या संध्याकाळी शेजारच्या सीटवर नेडीन होती, पहिल्यांदाच. ट्रे काचेवर होता. तेवढ्यात डेल कुंकल रस्त्यावरून गाडी घुर्र करत गेला आणि ओरडला, "काय रे स्ट्राउड, चालते का ती, की नुसती खाते?" व्हर्लिनने चावी फिरवली आणि सुटला. ट्रे दहा फूट उडाला. काचेचे मग फुटले, दरवाज्यावर ओरखडा उठला, आणि अंगणभर काचा.

इथे व्हर्लिन थांबायचा आणि माईक जवळ घ्यायचा. "आता सांगा, चूक कुणाची? मी दिवे लावले होते! रोझॅन टिबेट्स नावाची पोरगी होती, जीव चांगला, पण लक्ष ढगात. दिवे बघून आली, माझ्याकडे बघून गोड हसली, आणि ट्रे न काढताच परत गेली!" मग तो रोझॅनची चाल करून दाखवायचा, मान वर, हात लोंबते. लोक पोट धरून हसायचे, आणि शेवटी सगळ्या जुन्या गाड्या एकदम हॉर्न वाजवायच्या. तो आमचा शिरस्ता झाला होता.

नेडीन मात्र गोष्ट सुरू झाली की पाय आणायला उठायची. म्हणजे सफरचंद भरून भाजलेला गोड पाय, चर्चच्या बायका विकायच्या तो. वर्षानुवर्षं प्रत्येक वेळी तिला नेमकी तेव्हाच भूक लागायची. शेवटच्या आजारपणात एकदा तिने त्याचा हात धरला आणि म्हणाली, "व्हर्लिन, मी गेल्यावर ती ट्रेची गोष्ट नको सांगत जाऊ." तो "बरं" म्हणाला. तिला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवण होतं. कुणीतरी म्हणालं, जरा हसव रे आम्हाला, आणि त्याने ती गोष्ट सांगितली. लोक हसले. तो घरी आला, तिच्या कपड्यांचं कपाट उघडलं, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण दिवे त्याने लावलेच नव्हते. हे तिघांना माहीत होतं. त्याला, शेजारी बसलेल्या नेडीनला आणि रोझॅनला. ट्रे पडला तेव्हा डब हॅस्केल धावत बाहेर आला, "कुणी केलं हे?" म्हणून ओरडला, आणि नेडीनसमोर आपलं हसं होणार या भीतीने व्हर्लिनची पाचावर धारण बसली. तो म्हणाला, "दिवे लावले होते मिस्टर हॅस्केल, तीच ट्रे विसरली." नेडीनने त्याच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. रोझॅन म्हणाली, "नव्हते लावले." डबने ऐकलं नाही. चौदा गाड्यांच्या देखत त्याने तिच्या डोक्यावरची टोपी काढून घेतली आणि तिला कायमचं घरी पाठवलं. आणि मग पहिला हॉर्न वाजला. तो व्हर्लिनने वाजवला होता. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, त्यातलाच प्रकार.

तेवढ्यावर संपलं असतं तर एक वेळ ठीक. पण त्यानंतर रोझॅन रस्त्याने दिसली की पोरं हॉर्न वाजवायची. शाळेत जाताना, चर्चमधून येताना, आईबरोबर असली तरी. हिवाळाभर हे चाललं. फेब्रुवारीत ती शाळा अर्धवट टाकून दूर विचिटा शहरात मावशीकडे गेली ती गेलीच. व्हर्लिन करून सवरून नामानिराळा राहिला.

यंदाच्या शनिवारी तो शेव्हरलेच्या बॉनेटला टेकून उभा होता. मूळची विकली गेली होती, ही त्याच रंगाची दुसरी. एक पांढऱ्या केसांची बाई काठी टेकत आली आणि डाव्या खिडकीपाशी थांबली. काच अर्धी खाली होती. तिने काचेच्या कडेवर बोट फिरवलं.

"अगदी एवढीच ठेवायला सांगायचो आम्ही," ती म्हणाली. "ह्याच्या खाली गेली की ट्रे कलायचा."

व्हर्लिनने ओळखलं. पंचावन्न वर्षांनी, आवाजावरून.

"रोझॅन?"

"मग कोण? बहिणीचं कंबरेचं ऑपरेशन झालंय, महिनाभर आलेय तिच्याकडे. तिने सांगितलं, तू माझी गोष्ट फार झकास सांगतोस म्हणे. म्हटलं, ऐकून तरी येऊ." ती हसली. त्या हसण्यात टोमणा होता की नव्हता, हे त्याला कळेना. "आणि हो, नेडीनचं ऐकलं. वाईट झालं रे. भली होती ती."

तिला एक खुर्ची कुणीतरी दिली. ती पुढच्याच ओळीत बसली, मांडीवर पर्स घेऊन.

व्हर्लिनच्या तोंडचं पाणी पळालं. पोटात दुखतंय म्हणून घरी जावं असं त्याच्या मनात आलं. पण माईक वेंडल प्राइसच्या हातात होता, आणि वेंडल म्हणजे जीभ उचलून टाळ्याला लावणारा माणूस. "मंडळी! ज्याची वाट बघत होतात तो आला! ये रे व्हर्लिन, उडव तो ट्रे!"

तो उभा राहिला. डेल कुंकल, कोठार, अंगण, सगळं त्याने नेहमीसारखं सांगितलं. जीभ आपोआप चालत होती आणि लोक आपोआप हसत होते. मग तो नेहमीच्या जागी थांबला, माईक जवळ घेतला आणि समोर बघितलं. रोझॅन त्याच्याकडे शांतपणे बघत होती. त्याला कपाटातले नेडीनचे कपडे आठवले.

"मी दिवे लावले नव्हते," तो म्हणाला. "मी खोटं बोललो. रोझॅनची काही चूक नव्हती. ट्रे मी पाडला आणि नाव तिचं घेतलं. पहिला हॉर्नही मीच वाजवला. मला लाज वाटते."

त्याला वाटलं, झालं, सुटलो. लोक आता तोंड फिरवतील, थुंकतील, काय करायचं ते करतील.

वेंडलने माईक हिसकावला. "अरे वा रे पठ्ठ्या! पंचावन्न वर्षांनी शेवट बदलला! ट्रे याने पाडला आणि नोकरी तिची गेली!" लोक फुटून हसायला लागले. आजवर कधी हसले नसतील इतके हसले. डेल कुंकलने डोळे पुसले. आणि शिरस्त्याप्रमाणे एकेक करत सगळ्या गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले. आम्हीही वाजवले. मी हे लिहितोय, पण माझाही हात तेव्हा हॉर्नवर होता.

रोझॅनचे खांदे हॉर्नच्या आवाजाने आक्रसले. एकोणीसशे सदुसष्टमध्ये आक्रसायचे तसेच. मग ती काठी टेकून उठली.

व्हर्लिन तिच्यामागे दुकानाच्या भिंतीपर्यंत धावला. "रोझॅन, थांब. मी खरं सांगत होतो. मी गंमत नाही केली."

"माहीत आहे."

"तुला वाटलं असेल, मी पुन्हा—"

"दिवे लागले नव्हते हे मला तेव्हाही माहीत होतं, व्हर्लिन. मी तुझ्याच गाडीकडे बघत उभी होते. तिथे आम्हाला दुसरं काम काय होतं?" तिला थोडी धाप लागली होती. "मला एवढंच माहीत नव्हतं, की तुला माहीत आहे की नाही. मला वाटायचं, पोरगंच ते, शेजारी नवी पोरगी, समोरून तो कुंकल डिवचतोय. गडबडीत त्याला खरंच वाटलं असेल की दिवे लावले. माझ्या मुलींनाही मी तेच सांगितलं. त्या चिडायच्या तुझ्यावर. मी म्हणायचे, अगं, तो खोटं नाही बोलला, त्याला तसंच वाटलं."

"मला माफ कर," व्हर्लिन म्हणाला.

"केलं होतं की रे. कधीच केलं होतं." तिने त्याच्याकडे पाहिलं. तिला राग आला नव्हता, आणि तेच त्याला सहन होईना. "तेच तर तू आत्ता मोडलंस. आता मुलींना काय सांगू मी?"

व्हर्लिनने खिशातून चावी काढली. घरी सोडतो म्हणाला, तर ती नको म्हणाली. बहिणीचं घर दोनच गल्ल्यांवर होतं. ती मेन स्ट्रीटने हळूहळू निघाली. जुन्या गाड्या घराकडे परतत होत्या. एकाने तिला ओळखलं असावं किंवा नसावं, सवयीने हॉर्न दिला. तिने वळून पाहिलं नाही.

व्हर्लिन गाडीत बसला. वेंडल लांबून ओरडला, "पुढच्या वर्षी हीच सांग हं, ही जास्त रंगते!" डेलने जाता जाता दोनदा हॉर्न दिला. व्हर्लिनने उलट दिला नाही. त्याने चावी फिरवली आणि निघण्याआधी डाव्या काचेकडे पाहिलं. काच अर्धी खाली होती, रोझॅनने बोट फिरवलं होतं तिथपर्यंत. पेडलवर पाय काही जाईना. सगळ्या गाड्या निघून गेल्या तरी तो तिथेच, इंजिन चालू ठेवून बसून राहिला.