मावशी होडीत बसल्या

अग्रहार नावाच्या जुन्या वस्तीतल्या आमच्या शेजारच्या मावशी मराठीत बोलतात, पण नकार द्यायचा झाला की तो कन्नडमध्येच: "बेडा!" त्यांचा मुलगा दर रविवारी सहलीला चला म्हणून मागे लागतो. पण म्हातारा कुत्रा राजा एकटा राहील, म्हणून मावशी घर सोडत नाहीत.

शेवटी मुलानं राजाही मावेल अशी कनू, म्हणजे लांबट वल्ह्याची होडी, घ्यायचं ठरवलं. सरगूरकडच्या बॅकवॉटरवर आम्ही होड्या बघायला गेलो. मावशी प्रत्येक होडीच्या आत तळहात घासून बघत होत्या.

"गुळगुळीत आहे रे, पाय घसरतील त्याचे. बेडा!"

एक खरखरीत होडी पसंत पडली. पण आत ठेवताच राजा थरथरू लागला.

मावशींना पोहता येत नाही, पाण्याची तर भयंकर भीती. तरी लाइफ जॅकेट चढवून त्या आत शिरल्या आणि राजाला कुशीत घेऊन चक्क आडव्या झाल्या.

"हं, ढकला."

मुलगा आणि मी वल्ही मारू लागलो. मावशींनी डोळे गच्च मिटले होते. थोड्या वेळानं राजा उठला आणि वाऱ्याकडे नाक करून उभा राहिला.

"शेपटी हलतेय का रे त्याची?" मावशींनी डोळे न उघडताच विचारलं.

"हलतेय, मावशी," मी म्हणालो.

"मग अजून थोडं पुढं घ्या."