मऊ पेडल

सैनिक आपल्या गाडीला आईसारखं जपतो, असं आम्ही नव्या जवानांना गंभीर चेहऱ्याने सांगत असू. आईला आम्ही वर्षातून एकदा भेटत असू, तेही रजा मिळाली तर.

आता मी अकोल्यात राहतो. शेजारचे वकील विचारतात, "हवालदार साहेब, गाडीची सर्व्हिसिंग किती दिवसांनी करावी?" मी सांगतो, इंजिन ऑइल दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी, गाडी दारात उभी असली तरी. ते हवेतली ओल पितं आणि घाटात उकळतं. वकील म्हणतात, "माझी तर फिरतच नाही."

आमच्याही फिरत नव्हत्या.

शेवटची पोस्टिंग अमरावतीला होती. लहान युनिट, चार गाड्या, जिम्मा माझा. सोमवारी वार्षिक तपासणी. त्याआधीचा आठवडा आम्ही बंपर रंगवण्यात घालवला. लान्स नायक सुधाकर, अंजनगाव सुर्जीचा, जीपखालून बाहेर आला.

"उस्ताद, पेडल मऊ लागून राह्यलं. ब्रेक ऑइल बदलू का?"

"तपासणीनंतर. टायरला काळं लाव."

"लावतो. साहेब टायर पाहून जातीन, ब्रेक मलेच मारा लागते."

तपासणी उत्तम झाली. मंगळवारी तपासणीला आलेल्या साहेबांना चिखलदरा पाहायचा होता. त्यांच्या सहा खुर्च्या आणि चहाचं सामान सुधाकरच्या जीपमध्ये चढलं. साहेब पाहून पुढे निघून गेले. आम्ही ११.२० ला घाट उतरू लागलो. सुधाकर पुढे, मी मागच्या गाडीत. ११.४० ला वायरलेस वाजला. शेजारच्या ऑपरेटरने माइक सुधाकरच्या तोंडाशी धरला होता.

"उस्ताद, पेडल खाली गेलं."

"गिअर उतरव."

"उतरवला. थांबून नाही राह्यली."

"हँडब्रेक."

"ओढला. काही नाही. खालच्या वळणावर बस येऊन राह्यली."

डावीकडे दरी होती.

"उजवीकडे डोंगराला घास."

"उजवीकडं मीच बसलो न, उस्ताद."

"माहीत आहे."

"रॉजर."

बस निघून गेली. ऑपरेटरचं गळ्याजवळचं हाड मोडलं. सुधाकर परतवाड्याचा दवाखाना येण्याआधी गेला. सहाही खुर्च्या शाबूत होत्या.

चौकशीत मला विचारलं, चालकाने ब्रेकची तक्रार केली होती का? मी म्हणालो, लेखी नाही. हे खरं होतं. अहवालात कारण आलं : चालकाने उतारावर वेग आवरला नाही.

अंजनगावला त्याच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "पोरगा जोरात हाकून राह्यला होता का जी?"

मी पाणी मागितलं.

पुढच्या महिन्यात तपासणीचा निकाल आला. गाड्यांच्या निगेत आमचा पहिला नंबर. पितळी ढाल मिळाली. ती युनिटमध्ये सुधाकरच्या फोटोखाली लावली आहे आणि दर शनिवारी घासली जाते. फोटो पुसणं कुणाच्या ड्युटीत लिहिलेलं नाही.