अख्ख्या बॅचचं एकच बालपण

पाचवा उमेदवारही शब्दन् शब्द तेच बोलला.

सदर भागातल्या आमच्या क्लासमध्ये स्पॅनिशची तोंडी परीक्षा चालू होती. परीक्षक बाई लॅपटॉपच्या स्क्रीनवर, शिकवणारी म्हणून मी कोपऱ्यात. विषय होता इम्परफेक्ट टेन्स. पूर्वी नेहमी घडायचं ते सांगणं. मराठीत 'मी खेळायचे' म्हणतो, तसं. नियमित क्रियापदांचे दोनच साचे: 'आर'ने संपणाऱ्यांना 'आबा', 'एर' आणि 'ईर'वाल्यांना 'ईआ'.

प्रश्न सोपा होता. लहानपणी तुम्ही काय करायचात?

"मी बेसाला राहायचो. मधल्या सुट्टीत जिन्याखाली एकटाच डबा खायचो. कुणाशी बोलायचो नाही," पन्नाशीचे वानखेडे काका खणखणीत स्पॅनिशमध्ये म्हणाले.

हे माझं बालपण होतं. नमुना उत्तर म्हणून मी ग्रुपवर टाकलेलं. घरीही मी हे कधी बोलले नव्हते. परक्या भाषेत लिहिताना लाज वाटली नव्हती, एवढंच.

परीक्षक बाईंनी पेन ठेवलं. "ही कॉपी आहे. बॅच कॅन्सल करावी लागेल."

आमच्या डायरेक्टर सरांनी मला बाहेर बोलावलं. "काहून मॅडम, अख्खी बॅच एकाच घरात वाढली का?"

"सर, ते उत्तर मीच दिलं होतं."

बाहेर बाकावर स्नेहल बसली होती, शेवटची उमेदवार. धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात नर्स. स्पेनमधल्या वृद्धाश्रमात तिची नोकरी ठरली होती; सर्टिफिकेट याच महिन्यात हवं होतं.

"मॅडम, नमुना म्हणजे पाठच करायचं असते ना?" ती रडवेली झाली. "शाळेपासून आम्ही तेच तं करून राहिलो."

काका पुढे झाले. "माझं बालपण खामगावचं हाय जी. पण ते मले स्पॅनिशमध्ये कुठं येते!"

मी आत गेले. न विचारता बोलायची मला सवय नाही. तरी म्हटलं, "चूक माझी आहे. प्रश्न बदला आणि सगळ्यांना पुन्हा विचारा."

बाई तयार झाल्या. नवा प्रश्न: घरी कोण काय करायचं?

काकांनी पुन्हा बेसापासूनच सुरुवात केली. बाकीचे अडखळत दोन-तीन वाक्यं बोलले.

शेवटी स्नेहलची पाळी आली. मी आशा सोडली.

"मी पाद्रे तेहिआ," ती म्हणाली. माझे बाबा विणायचे. मग उमरेडचं घर, हातमाग, सुताच्या कांड्या भरणारी आई, मागाच्या आवाजात अभ्यास करणारी ती. दोन ठिकाणी चुकली, पण थांबली नाही. चार महिने ही माझ्यासमोर बसत होती आणि यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

स्नेहल पास झाली. काका पुढच्या बॅचला पुन्हा बसले.

आता मी नमुना उत्तर देत नाही. बॅच कुरकुरते. पेपर तपासायला दुप्पट वेळ लागतो, कारण प्रत्येक उत्तर वाचावं लागतं.