तिसऱ्या अंकातला पट्टा

भूतखेत, करणी, अंगात येणं... यातलं मला काहीच पटत नाही. आमच्या चाळीत एकीच्या अंगात यायचं, तेव्हा मी तिच्यासमोर बसून शेंगदाणे खायचे! म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली. पण जे झालं ते भरदुपारी, भरलेल्या थिएटरात झालं. स्वप्न पडलं असेल, असं कृपा करून म्हणू नका.

ऐंशीच्या दशकाचा मधला काळ. मी मुलुंडला राहायचे, एका कंपनीत टायपिस्ट होते आणि ऑफिस सुटलं की हौशी नाटकात काम करायचे. आमचे प्रयोग तिथल्याच एका जुन्या नाट्यगृहात व्हायचे. संगीत नाटकांच्या जमान्यातलं — वर पत्रे, लाकडी स्टेज, बाल्कनीचे खांब नेमके डोळ्यांसमोर येणारे. आता तिथे टॉवर आहे.

नाटकात मी बायको आणि देसाई माझा नवरा. देसाई आमच्यात सिनियर, व्यावसायिक नाटकांत छोटी कामं केलेला. त्यामुळे सगळे वचकून असायचे. (समोर मी त्याला अहो-जाहोच करायचे, इथे करणार नाही.) तिसऱ्या अंकात नवरा बायकोला कमरेच्या पट्ट्याने मारतो. पट्टा जमिनीवर आपटायचा, मी ओरडायचं, इतकंच. पण तालमीत तो पट्टा माझ्या पायांवर बसायला लागला.

"देसाई, लागतंय हो खरंच," मी म्हटलं.

"लागल्याशिवाय तुझ्या चेहऱ्यावर काही उमटत नाही ना," तो हसून म्हणाला.

दिग्दर्शक नंदू माझ्याच वयाचा. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "सांभाळून घे ना शैला. भूमिकेत शिरतो गं तो."

रविवारचा दुपारचा प्रयोग. पहिल्या अंकात देसाई वाक्य विसरला, लोक हसले. तेव्हापासून त्याचं डोकं फिरलं होतं.

तिसऱ्या अंकात त्याने पट्टा काढला. एरवी बक्कल मुठीत धरायचा. त्या दिवशी दुसरं टोक धरलं. पहिलाच फटका पाठीवर. ब्लाऊज फाटलं. मी खालच्या आवाजात म्हटलं, "देसाई, थांबा!" त्याने माझे केस धरले, फरफटत पलंगापाशी नेलं आणि पुन्हा मारलं. बक्कल खांद्यात घुसलं, हातावरून रक्त ओघळलं. आणि समोरून टाळ्या... लोकांना वाटलं, काय झकास काम करतायत! मी डोक्यावर हात घेऊन पुढच्या फटक्याची वाट बघत पडले.

फटका आलाच नाही.

मी वर बघितलं. देसाईचा हात हवेत होता आणि पट्टा त्याच्या मागे ताठ ताणलेला — कोणीतरी बक्कल धरून ठेवावं तसा. मागे कोणीच नव्हतं. त्याने हिसका दिला. उलट तोच मागे खेचला गेला. मग त्याचा हात पाठीमागे पिरगळायला लागला. वर, आणखी वर... तो चवड्यांवर उभा राहिला. हाड मोडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. पाठोपाठ त्याचं तोंड सेटच्या दाराच्या चौकटीवर आपटलं. पुन्हा. पुन्हा. अख्खा सेट हादरत होता. "सोड! सोड मला!" तो किंचाळत होता. नंदूने घाईघाईने पडदा पाडला.

झेवियर आमचा लाईटवाला, गोरेगावच्या गावठाणातला. देसाई मला मारतोय हे बघून तो विंगेतून धावला होता, पण स्टेजच्या कडेलाच थांबला. नंतर मला म्हणाला, "मी येत होतो गं तुला सोडवायला. कोणीतरी छातीवर हात ठेवला आणि मला मागे लोटलं. हात दिसला नाही, पण होता!"

माझी आई पुढच्याच रांगेत होती. माझ्या पाठीला हळद लावताना ती एवढंच म्हणाली, "माका तो एकटोच दिसलो गो."

डॉक्टर म्हणाले, फिट आली असेल. असेल! पण देसाईच्या मनगटातून त्यांनी चिमट्याने हिरव्या बांगडीच्या काचा काढल्या, तेव्हा नंदू शेजारी उभा होता. पडण्याच्या सीनमुळे मी प्लॅस्टिकच्या बांगड्या घालायचे. आणि नाटकात दुसरी बाई नव्हतीच.

आठवड्याभराने देसाई हात गळ्यात बांधून आमच्या दारात आला. चेहरा सुजलेला. आत आला नाही. "कोणाला उभं केलं होतंस माझ्या मागे?" त्याने विचारलं.

"कोणालाच नाही."

"खोटं बोलू नकोस. मला मारताना ती रडत होती. मी ऐकलंय."

पुन्हा त्याने कधी नाटकात काम केलं नाही.

त्याच्या जागी नंदूने साठे नावाचा मुलगा घेतला. अगदी गरीब स्वभावाचा, पट्टा हातात धरतानाच घाम फुटायचा त्याला. पुढचा प्रयोग त्याच थिएटरात. पडदा उघडायच्या आधी मी रिकाम्या स्टेजवर गेले, दाराच्या चौकटीपाशी उभी राहिले. स्वतःचीच लाज वाटत होती. तरी मोठ्याने म्हटलं, "तुम्ही कोण ते मला माहीत नाही. पण हा मुलगा चांगला आहे हो. पट्टा जमिनीवरच मारणार आहे. याला काही करू नका."

नंदू विंगेतून ऐकत होता. तो हसला नाही.

प्रयोग नीट पार पडला. माझं कोणी ऐकलं की ऐकायला कोणी नव्हतंच, ते मला आजही सांगता येत नाही.