आबांच्या रायफलीचा पत्ता

माझ्या सख्ख्या थोरल्या भावानं मला फसवलं. आमच्या वडिलांची, आबांची, रायफल लायसनपुरती त्याच्या नावावर आणि बाकी सगळी माझी, असं आबा गेल्यावर आईसमोर ठरलं होतं. त्यानं ती मला न विचारता विकली.

बाजार समितीतल्या मारामारीची केस माझ्यावर होती, म्हणून लायसन मला मिळालं नसतं. भाऊ नोकरीतून निवृत्त झालेला, नगरला राहणारा, कधी कुणाशी भांडलेला नाही. कागदाला असाच माणूस लागतो.

आबांनी तरुणपणी सातपुड्यात सांबराची शिकार केली होती. पुढं बंदी आली आणि त्यांनी जनावरावर पुन्हा बंदूक उचलली नाही. रिकाम्या पुंगळ्यांत दारू आणि गोळी घालून घरी काडतुसं भरणं मात्र सुटलं नाही. वर्षातून एकदा लांबच्या रेंजवर जाऊन कागदी निशाणावर ती उडवायची, एवढ्यासाठी वर्षभर तयारी चालायची.

गोळ्या आणायला मी आबांबरोबर तिसगावहून एसटीनं नगरला बंदुकीच्या दुकानात जायचो. दुकानदार मला पाहिलं की कपाळाला हात लावायचा. "आबा, एकटे येत जा हो. हा पोरगा डोकं खातो." मी किमतीसाठी भांडत नव्हतो, निवडीसाठी भांडत होतो. डब्यातल्या गोळ्या काचेवर एकेक घरंगळत सोडायचो. जी डुलायची ती परत. आज मी कांद्याचा व्यापारी, लिलावाच्या ढिगात, वक्कलात, हात घालून खालचा माल वर काढतो, ती खोड त्या काचेवरची.

"टोकदार घ्यायची, वजनदार घ्यायची," आबा म्हणायचे. "हलकीला वारा ढकलतो. पन नाक मऊ पायजे. न्हाईतर आरपार जाती, आन जनावर कुठंतरी काट्यात जाऊन तडफडत मरतं."

"आता कुठलं जनावर, आबा?"

"नसू दे. गोळी निवडताना हाय असंच समजायचं."

काडतुसाची दारू तोलायला सोनाराचा काटा होता. खोलीचा पंखा बंद, दार लावलेलं, बोलायचं नाही, कारण नुसत्या श्वासानं पारडं हलायचं. जन्मात मी गप्प बसलो असेन तर तिथंच. बाहेरून आई ओरडायची, "आत काय देव बसवलेत का रं? जेवायला या!" आबा हसू दाबायचे आणि पारडं हलायचं. मग पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा राग यायचा. आता कुणी तसं पारडं हलवावं म्हणून जीव तुटतो.

शेवटच्या वर्षी त्यांना काट्याची सुई दिसेना. सगळी काडतुसं मी भरली, ते शेजारी बसून प्रत्येकावरून नुसतं बोट फिरवत होते. "ही तुझ्या हातची. यंदा पहिली तू मार," म्हणाले. रेंजवर जायच्या आधीच त्यांनी अंथरूण धरलं आणि ते उठले नाहीत. ती काडतुसं तशीच राहिली.

मग निवडणूक आली. निवडणुकीत लायसनवाल्यांना बंदूक पोलिसांकडं जमा करावी लागते. भाऊ गावी आला आणि रायफल काडतुसांसकट घेऊन गेला. निकाल लागला, गुलाल धुतला गेला, इतरांच्या बंदुका घरी आल्या. आमची येईना. मी नगरला त्याच्या घरी गेलो.

"भाऊ, रायफल कुठंय?"

"दिली."

"कुणाला?"

"दुकानात दिली. प्रत्येक निवडणुकीला कोण हेलपाटे घालणार? लोखंड होतं रे, गंजत पडलेलं."

"गंजत? दर दसऱ्याला तेल कोण लावत होतं? तू? तू तर सोनंसुद्धा फोनवर वाटतोस!"

"आवाज खाली कर, शेजारी ऐकतात. वाटा हवाय का तुला? सांग, देतो."

वाटा! आयुष्यभर मी घासाघीस करून मोठा झालो, म्हणून माझ्या प्रत्येक गोष्टीला किंमत असते असं त्याला वाटलं. वहिनी चहा घेऊन आल्या. मी तो न पिता उठलो.

दुकानात गेलो. रायफल पुढं दुसऱ्याला विकली गेली होती, काडतुसांसकट. कुणाकडं, ते दुकानदार मला सांगेना. ज्याच्या नावावर लायसन होतं त्यानं येऊन विचारलं तरच सांगणार. त्याचं बरोबरच आहे. म्हणजे भावानं एकदा तोंड उघडलं तर मी त्या माणसाकडं जाईन, हात जोडीन, त्याच्या रेंजवर, त्याच्या देखत, आबांच्या रायफलीतून माझ्या हातचं एक काडतूस उडवू दे म्हणेन. ती काडतुसं मी त्याच नळीसाठी भरली आहेत. त्यानं ती आधीच उडवून टाकली तर संपलं.

भाऊ फोन उचलत नाही. वहिनी सांगतात, ते झोपलेत. म्हणून इथं लिहितोय, चारचौघांत. भाऊ, रायफल परत मागत नाही, वाटाही मागत नाही. आईसमोर दिलेला शब्द तू कुणाला विचारून मोडलास, आणि आबांची रायफल आज कुणाच्या घरात आहे? दुकानात चल आणि माझ्यासमोर विचार.