खुर्च्या मांडणारी ताई

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी गरीब कामगारांना कायद्याचा सल्ला फुकट मिळतो. वकील येतात, ऐकतात, चहा पितात आणि जातात. पण ते यायच्या आधी कुलूप उघडायचं, केर काढायचा, आलेल्यांना बाकावर बसवायचं, कोणाला कोणत्या वकिलाकडे पाठवायचं ते ठरवायचं, हा सगळा रगाडा एकटी बाई उपसते. रखवालदाराने तिचं नाव ठेवलं खुर्चीताई, आणि तेच चिकटलं.

चिकटणारच. खुर्च्यांचं तिला वेडच होतं म्हणा ना. टेबलं चार कोपऱ्यांत चार, आणि सल्ला घ्यायला आलेल्याची पाठ नेहमी बाकाकडे. रडू आलं तर निदान चेहरा तरी कोणाला दिसू नये! कोणी शहाणा वकील खुर्ची फिरवून बसला की ही जाऊन ती पुन्हा सरळ करायची. आणि तो पंखा! टेबलावरचा, जुना, खडखड करणारा. भर थंडीतही चालू. बाकावरचे लोक हात चोळत म्हणायचे, "ताई, बंद करा की हो, गारठलो!" ताई म्हणायची, "राहू द्या, हवा खेळती हवी." हवा कसली डोंबलाची! त्या खडखडीत टेबलावरचं बोलणं बाकापर्यंत पोचत नसे, एवढंच. एका भल्या माणसाने नवा, अजिबात आवाज न करणारा पंखा देऊ केला, तर हिने साफ नाही म्हटलं. तो बिचारा चाट पडला.

दुपारभर लोक तिला ताई, ताई करायचे. जगाची ताई. पण तिला कोणी विचारायचं नाही की बाई, तू कशी आहेस? कशाला विचारतील? जो तो आपल्या घोरात. संध्याकाळी कुलूप लावून ती आपल्या एका खोलीत परतायची. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गावाला खुर्च्या मांडणाऱ्या बाईच्या घरी खुर्ची एकच होती. दुसरी ठेवून करायचं काय?

पण रविवार तिचा होता. रविवारी ती धाकट्या बहिणीकडे जेवायला जायची. आई गेली तेव्हा ही धाकटी एवढीशी होती. ताईनेच तिला न्हाऊमाखू घातलं, शिकवलं, शिवणाच्या क्लासला घातलं. आता धाकटीने भाड्याच्या खोलीत तीन शिवणयंत्रं टाकली होती. हॉटेलातल्या कामगारांचे एप्रन शिवून द्यायची. मालकीण म्हणायची, एवढंच; स्वतःही दिवसभर यंत्रावर वाकलेलीच. ताईची जागा खिडकीपाशी, ठरलेली. ताट वाढता वाढता धाकटी विचारायची, "ताई, कंबर कशी आहे?" ताई म्हणायची, "बरी आहे गं." कंबर काही बरी नसायची. पण त्या एका प्रश्नावर तिचा पुढचा आठवडा निघायचा, हे खरं.

तर झालं असं. एका शनिवारी एक काज-बटणवाली आली. उजव्या हाताच्या बोटाला हे एवढं बोचकं बांधलेलं. ताईने पहिला प्रश्न केला, जो ती सगळ्यांना सगळ्यात आधी करायची: "तक्रार कोणाविरुद्ध?" कारण तिथला नियमच तसा होता. एका भांडणातली एकच बाजू घ्यायची, आणि जो आधी आला त्याची. दुसऱ्याला नुसतं सांगायचं, इथे जमणार नाही. का, तेही सांगायचं नाही.

काज-बटणवालीने दुकान सांगितलं, गल्ली सांगितली, मालकिणीचं वर्णन केलं. ताईने गल्लीचं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.

"यंत्राची सुई बोटात गेली, ताई. पार आरपार. बोट पिकलं. मी आठ-दहा दिवस घरी काय बसले, बाईंनी दुसरी ठेवली. मला फक्त औषधपाणी हवंय आणि माझं काम परत. त्यांना कळू देऊ नका हं मी इथे आले ते, आधीच भडकलेल्या आहेत."

"नाही कळणार," ताई म्हणाली. तोंडातून शब्द गेला.

ती उठली आणि कोपऱ्यातल्या वकीलबाईंकडे गेली. म्हणाली, "ही समोरची बाजू म्हणजे माझी बहीण." वकीलबाईंनी चष्मा काढला. "मग तू या कामाला हात लावायचा नाहीस. आणि घरी ब्र काढायचा नाहीस. जमेल?" ताई म्हणाली, "जमेल." वकीलबाईंनी काज-बटणवालीलाही बोलावून सांगितलं की इथलं एक माणूस तुझ्या मालकिणीच्या नात्यातलं आहे, ते या कामात नसेल, चालेल का? ती म्हणाली, चालेल. तिचा संशय गेला रखवालदारावर. पुढे कितीतरी दिवस ती त्या बापड्याकडे डोळे वटारून बघायची, आणि त्याला कळेना आपण हिचं काय घोडं मारलंय.

जमेल म्हणणं सोपं हो! दुसऱ्या दिवशी रविवार. खिडकीपाशी ताट मांडलेलं. धाकटी वाढता वाढता सुरू झाली, "माझी काज-बटणवाली, तिला बोटाला काय लागलं, तर बाईसाहेब घरीच बसल्या! एप्रन द्यायचे होते, मी काय करू? घेतली दुसरी. केलं ते बरोबरच ना गं, ताई?"

ताईने हातातला घास ताटात परत ठेवला. एक वाक्य, बस्स एक वाक्य बोलली असती, की अगं, घे तिला परत, दे औषधाचे, तर सगळं तिथेच मिटलं असतं. धाकटीने तिचं ऐकलं असतं, ती आजवर ऐकतच आली होती. पण लगेच विचारलं असतं, तुला कोणी सांगितलं? आणि मग त्या बोचकंवाल्या बाईला दिलेला शब्द कुठे गेला असता? ताई पाणी प्याली. म्हणाली, "मला कुठे काय कळतं त्यातलं."

"अगं, तू तर वकिलांत बसतेस!"

"मी खुर्च्या मांडते," ताई म्हणाली. धाकटी हसली. ताईला ते हसू सोसवेना. पुढचे रविवारही ती असंच खाली मान घालून जेवली, आणि दर वेळी धाकटीने कंबर विचारली. बहिणीच्या घरी आपण चोरासारखे बसतोय असं तिला वाटायचं.

मग काज-बटणवाली हो म्हणाली तेव्हा धाकटीला नोटीस गेली. खाली वकीलबाईंची सही आणि केंद्राचा पत्ता.

शनिवारी खोली भरलेली असताना धाकटी दारात उभी राहिली. इतक्या वर्षांत कधी तिथे आली नव्हती. "ताई!" अशी ओरडली की सगळा बाक वळला. ताई म्हणून तिथे सगळेच ओरडायचे, त्यामुळे कोणाला काही वेगळं वाटलं नाही; आली असेल कोणी रागावलेली, झालं. ताईने तिला आपल्या टेबलापाशी बसवलं. पाठ बाकाकडे करून. सवयीने.

"तुला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. धाकटीने विश्वासही ठेवला असता. ताई म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"ती आली त्या दिवसापासून."

धाकटीचा आवाज एकदम खाली आला. "माझ्याच घरी जेवत होतीस. मी तुला विचारलं, केलं ते बरोबर का, आणि तू पाणी पीत होतीस." पंखा खडखडत होता, बाकाला काही ऐकू गेलं नाही. "बरं, ते राहू दे. मीही काही बंगल्यात राहत नाही. मला वकील परवडत नाही. माझं कोण ऐकणार? दे मला एक वकील."

"इथे नाही जमणार गं. एकाच बाजूचं ऐकतात. नदीपलीकडे दुसरं केंद्र आहे, मी पत्ता देते."

"पत्ता देतेस!" धाकटी उठली. "जगाची ताई झालीस. माझी तेवढी राहिली नाहीस. येऊ नकोस रविवारी."

ती गेली. ताईने तिची खुर्ची सरळ केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. "तक्रार कोणाविरुद्ध?" तिने विचारलं, आणि तिचा आवाज फुटला. तो माणूस घाबरून म्हणाला, "मी नंतर येऊ का?"

मग काय, रविवार खायला उठायचा. ती एकदा धाकटीच्या गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत आली. भांडणाचं मात्र लवकरच मिटलं. पलीकडच्या वकिलाने धाकटीला समजावलं. तिने औषधाचे दिले, यंत्राला सुईपुढे आडोसा लावून घेतला, काज-बटणवालीला परत घेतलं. आणि गंमत बघा, दोघींचं आता असं मेतकूट जमलं की विचारू नका. एकीला काम हवं, दुसरीला हात हवा. रागावून बसायला दोघींनाही सवड नव्हती.

काज-बटणवाली एका शनिवारी खुशीत आली. काखेत एक उशी. एप्रनच्या तुकड्यांची, दाट टाक्यांची. "ताई, ही तुमच्या खुर्चीसाठी. आमच्या बाईंनी दिली. म्हणाल्या, त्या खुर्च्या मांडणाऱ्या बाईची बसून बसून कंबर मोडत असेल."

ताईने टाके ओळखले. हात पुढे गेला, आणि तिने तो मागे घेतला. समोरच्या बाजूकडून काही घ्यायचं नाही, सुतळीचा तोडासुद्धा. हा नियम तिनेच रखवालदाराला शंभरदा ऐकवला होता. "इथे नाही घेता येत. बाईंना म्हणावं, उद्या दुपारी घरी आणून द्या. जेवायलाच या म्हणावं."

रविवारी तिने शेजारून एक खुर्ची मागून आणली. किती वर्षांनी दोघींपुरता स्वयंपाक केला. खुर्ची आधी इकडे ठेवली, मग खिडकीपाशी ठेवली. दार वाजलं तेव्हा पदराला हात पुसत जवळजवळ धावलीच.

दारात काज-बटणवाली. हातात उशी.

"बाईंना कुठलं तरी काम निघालं. म्हणाल्या, तूच जा. पत्ता त्यांनीच दिला."

ताईने तिच्या खांद्यावरून मागे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "ये. बस. जेवून जा."

ती संकोचत खिडकीपाशी बसली. जेवता जेवता बोलायला लागली, "बाई तशा मायाळू आहेत हो. रविवारी जादा काम असलं की मला घरीच जेवायला वाढतात. अशीच खिडकीपाशी जागा आहे तिथे. पहिल्या दिवशी मी बसले तर किती वेळ बघतच राहिल्या." मग थांबून म्हणाली, "पण ताई, तुमचं घर बाईंना कसं माहीत?"

"ती माझी धाकटी बहीण आहे."

काज-बटणवालीचा हात ताटातच राहिला. "म्हणजे ते नात्यातलं माणूस… तुम्ही? आणि मी तो रखवालदार समजत होते!" हसायला गेली, पण हसू आलं नाही. "मी तुमच्या जागेवर बसते, ताई?"

"बस की. जागा रिकामी कशाला राहायची?" ताई म्हणाली, आणि तिला भात वाढला. तिचा आवाज भरून आला होता, आणि तो लपवायला घरात पंखाही नव्हता.

निघताना काज-बटणवाली दारातून मागे फिरली. "अगंबाई, मुख्य राहिलंच. बाईंनी विचारून यायला सांगितलंय. दोनदा सांगितलं, विसरू नकोस म्हणून. कंबर कशी आहे?"

बरी आहे गं, हे अगदी जिभेवर आलं होतं. ताईने उशी पोटाशी धरली.

"दुखते म्हणावं," ती म्हणाली. "फार दुखते. येऊन बघ म्हणावं."