केसांची पुडी

लग्न होऊन मी पिंपरीत आले, तेव्हा आमच्या दोन खोल्यांच्या मागच्या भिंतीला लागूनच प्लेटिंगचं वर्कशॉप होतं. स्कूटरी-मोटारींचे लहानमोठे भाग तिथं हौदांत बुडवून चकचकीत करत. माझी थोरली जाऊ तिथंच कामाला होती. तिला मी अक्का म्हणायचे. सुटे भाग तारेत ओवायचे, हौदातून निघाले की धुऊन पुसायचे, हे काम बायकांकडे असे.

अक्का घरी आली की तिच्याबरोबर एक वास यायचा, जुनं नाणं तोंडात धरल्यावर लागतो तसा. मोरीत पाय धुताना ती भिंतीला हात टेकायची आणि काही दिवसांनी चुन्यावर हिरवट पंजा उमटायचा. मी नारळाच्या शेंडीनं घासून काढायचे. जायचा, पुन्हा यायचा. वर्कशॉपच्या आणि आमच्या मधल्या विहिरीचं पाणी सगळी चाळ प्यायची. ते पांढऱ्या भांड्यात घेतलं तर किंचित पिवळं दिसायचं. घरमालक म्हणायचे, "जमिनीचा गुण आहे तो."

एका रविवारी मी अक्काच्या पाठीला तेल लावत होते. तिनं माझा हात धरला आणि पुढं नेला.

"इथं बघ गं. काय लागतंय?"

डाव्या छातीत, काखेच्या बाजूला, चिंचोक्यासारखं काहीतरी टणक होतं. दाबलं तरी सरकत नव्हतं.

"दुखतं?"

"अजिबात नाही. म्हणून तर संक्रांतीपासून गप्प राहिले."

गाठ कॅन्सरची निघाली. पुण्याच्या हॉस्पिटलात तिची डावी छाती काढली. शुद्धीवर आल्यावर तिनं पदर ओढून घेतला. टाके काढायच्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. आधी कामाबद्दल विचारलं, मग म्हणाल्या, "तुमचे थोडे केस आणि नखं मिळतील का? अंगात गेलेले धातू तिथं साठून राहतात. अशा आजाराच्या बायकांत ते किती असतात, ते मला बघायचंय."

अक्कानं मान खाली घातली. मीच तिच्या मानेवरची बट आणि नखं कापली. बाईंनी ती कागदाच्या पुडीत बांधली आणि माझ्याकडं वळल्या. "तुमचेही द्या. तुम्ही धडधाकट आहात, कामावरही जात नाही. तुलनेला बरं पडेल."

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्यांच्या हातातलं पीठ परातीत पडलं. "केस-नखं दिली? परक्या बाईला? आन् दोघींची?" त्यांनी आमच्या दोघींवरून नारळ उतरवून नदीत सोडला. मी मनात हसले. पण त्यानंतर वेणी घालताना गळलेले केस मी गोळा करून चुलीत टाकू लागले. का, ते मलाही सांगता आलं नसतं. भिंतीपलीकडं हौदांचा बुडबुड आवाज चालू असे आणि आपल्या शरीराचा एक तुकडा कुठंतरी, कुणीतरी उघडून बघतंय असं सारखं वाटत राही.

पावसाळा सरल्यावर तपासणीला गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला बोलावलं.

"तुमच्या जाऊबाईंच्या केसांत निकेल, कॅडमियम बरंच निघालं. त्याचं मला नवल वाटलं नाही." त्यांनी दुसरा कागद पुढं ओढला. "पण तुमच्याही केसांत जवळजवळ तेवढंच आहे."

"मी तर तिथं पाऊलही टाकलेलं नाही."

"पाणी कुठलं पिता?"

मी सांगितलं. त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

"मग अक्काला त्यानंच झालं का?"

"खरं सांगायचं तर मला माहीत नाही. धातू सापडला, एवढंच मी म्हणू शकते. गाठ त्यानंच झाली असं म्हणायला माझ्याकडं पुरावा नाही."

बसमध्ये माझे हात मांडीवर होते. ते दुसऱ्याच कुणाचे तरी असावेत, तशी मी त्यांच्याकडं बघत होते. घरी येऊन अक्काला सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर ती उजव्या कडेवर घागर घेऊन रुळांपलीकडच्या कॉलनीतल्या नळावरून परत येत होती. डावा हात अजून वर जात नव्हता. "त्या विहिरीचं आता कुणी प्यायचं नाही," एवढंच म्हणाली.

अक्का पुढं तीन वर्षं जगली. दुखणं हाडांत उतरलं होतं. मला गाठ झाली नाही, अजून तरी.

ती गेल्यावर वर्कशॉपात तिची जागा घेतलेली बाई एकदा आमच्या दारात पाणी मागायला आली. तरुण होती, कडेवर मूल होतं. मी तिला विहिरीचं सांगितलं, अक्काचंही सांगितलं. ती हसली. "घरात बसून कसं चालंल, ताई?" पाणी पिऊन निघाली, आणि उंबऱ्यातच वळली.

"ती गाठ हाताला लागती कशी?"

मी तिचं मूल घेऊन सासूबाईंच्या मांडीवर दिलं, तिला मोरीत नेलं आणि दार लावलं. तिनं ब्लाऊजची बटणं सोडली. मी तिचा हात धरला आणि तिच्याच काखेच्या बाजूला नेला.